पाय वाचविण्याचे अर्थकारण

वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले याचा आनंद जिल्ह्यातील सर्व थरांत व्यक्त झाला आणि तो रास्तच होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचे नाव होते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख वस्तीचा हा जिल्हा गंभीर दुखण्यासाठी आजवर अकोला, नांदेड किंवा नागपूर यांच्याकडेच डोळे लावून बसत आला आहे. तथापि महाविद्यालय आले म्हणजे आरोग्य आले, असे समीकरण मांडण्याची घाई कोणी करू नये. परिसरातील कोणत्या दुखण्याकडे ते आधी वळते, यावर त्याचा उपयोग अवलंबून राहील. मधुमेहींच्या पायाला होणाऱ्या जखमा हे असे एक दुखणे आहे. ऐकावयास ते किरकोळ वाटते. परंतु घरातील कर्त्या माणसाचा पाय घोट्याखाली किंवा गुडघ्याखाली कापावा लागला की त्या घराचे पुढे काय होते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे ते त्याला किरकोळ म्हणणार नाहीत.

मधुमेहाच्या बाबतीत वाशिम अगदीच दुर्लक्षित राहिला, असे म्हणता येणार नाही. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या शंभर जिल्ह्यांत महाराष्ट्रातील सहा जिल्हे घेण्यात आले: वाशिम, वर्धा, अमरावती, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली. सहाही विदर्भातील, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे हा कार्यक्रम देशभर पसरला आणि २०२३ मध्ये त्याचे नावही बदलले. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन तीस वर्षांवरील माणसांची माहिती भरते, बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन साखर तपासली जाते, गोळ्या विनामूल्य मिळतात. हे सारे उपकारक आहे. मात्र या कार्यक्रमाचे यश मोजण्याची पट्टी पाहिली की एक उणीव ध्यानात येते. किती जणांची तपासणी झाली आणि किती जण उपचाराखाली आले, हे मोजले जाते. मे २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेले उद्दिष्ट याच स्वरूपाचे होते: २०२५ पर्यंत मधुमेहाचे व रक्तदाबाचे साडेसात कोटी रुग्ण प्रमाणित उपचाराखाली आणावयाचे. किती मधुमेहींच्या पायातील जोडा काढून तळवा पाहिला गेला, हा आकडा जिल्ह्याच्या बैठकीत कोणी विचारीत नाही. जे मोजले जात नाही ते केले जात नाही, हा सरकारी कचेरीतील अनुभव कारकुनांना तरी निराळा सांगावयास नको.

साखर रक्तात आणि जखम पायात, हा संबंध अनेकांना चटकन उमगत नाही. वर्षानुवर्षे वाढलेली साखर पायाकडे जाणारे मज्जातंतू हळूहळू निकामी करते. प्रथम मुंग्या येतात, आग होते. पुढे तीही थांबते आणि रुग्णाला वाटते की बरे झाले. वस्तुतः धोका तेथून सुरू होतो. टोचलेला काटा, चपलेत शिरलेला खडा, तापलेल्या डांबरी रस्त्याचा चटका यांपैकी काहीच जाणवत नाही. एरव्ही माणूस दुखऱ्या पायावर भार देत नाही. लंगडतो आणि त्यामुळेच बरा होतो. ज्याला दुखत नाही तो त्याच जखमेवर दिवसभर चालतो. तळव्याच्या एकाच जागी दाब पडून घट्टा होतो, घट्ट्याखाली मांस फुटते, जंतू शिरतात. रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असल्या तर जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि मग पाय काळा पडू लागतो. मधुमेहींमध्ये जे पाय कापावे लागतात, त्यांतील सुमारे पंच्याऐंशी टक्के प्रकरणांची सुरुवात एका साध्या जखमेतून झालेली असते, असे वैद्यकीय अभ्यास सांगतात. याचा दुसरा अर्थ असा की, बहुसंख्य पायांना वाचण्याची एक संधी मिळालेली असते.

वाशिमच्या शेतात ही संधी कशी हुकते, हे पाहण्यासारखे आहे. सोयाबीनची सोंगणी झाल्यावर शेतात उरणारी धसकटे चाकूच्या टोकासारखी असतात. तुरीची खुंटे त्याहून कठीण. काळ्या मातीत पावसाळ्यात चप्पल रुतते म्हणून ती बांधावर काढून ठेवण्याची रीत आहे. घरात अनवाणी, देवळात अनवाणी, आणि नवसाच्या वाटेवरही अनवाणी. पोहरादेवीच्या यात्रेला किंवा कारंज्याच्या दत्तमंदिराकडे पायी निघालेल्या भाविकांत मधुमेही नसतात, असे थोडेच आहे? श्रद्धेचा प्रश्न येथे नाही. ज्याच्या तळव्याला जाण उरलेली नाही त्याने चप्पल घालून चालावे, एवढे त्याला कोणीतरी आधी सांगितलेले असावयास हवे. त्यात भर घरगुती उपचारांची. भेगांना नि काट्याच्या जागी तापवलेला बिब्बा लावणे हा विदर्भातील जुना उपाय. ज्या पायाला चटका कळतो त्याला तो कदाचित सोसतही असेल. बधिर पायावर मात्र तो सरळ भाजल्याची जखम करतो. कुरूप ब्लेडने तासणे, मुंग्या येतात म्हणून कढत पाण्यात पाय बुडविणे, शेकोटीजवळ पाय शेकत बसणे, हे त्याच जातीचे प्रकार.

आकड्यांकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा पहिला अहवाल २०११ मध्ये आला. त्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण साडेसहा टक्के आढळले होते. २०२३ मध्ये त्याच पाहणीचे संपूर्ण देशाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्रामीण भारताचे प्रमाण जवळजवळ नऊ टक्के भरले. वाशिमची लोकसंख्या २०११ चीच धरली आणि तिच्यातील सहा दशांश माणसे वीस वर्षांवरील मानली, तर जिल्ह्यात पंचेचाळीस ते पासष्ट हजार मधुमेही असावेत. दरवर्षी शंभरांत दोघांच्या पायाला जखम होते, हे सर्वसाधारण प्रमाण लावले तर वर्षाला हजाराच्या आसपास नव्या जखमा होतात. हा हिशेब ढोबळ आहे आणि तो ढोबळच समजावा; पण प्रश्नाचा आवाका कळण्यास तो पुरेसा आहे. हजार जखमा म्हणजे दर दिवशी जिल्ह्यात कोठेतरी दोन-तीन घरे त्या वळणावर उभी राहतात, जेथून एक वाट बरे होण्याकडे आणि दुसरी शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे जाते.

कोणते घर कोणत्या वाटेने जाईल, हे बव्हंशी पैसा ठरवितो. औषधाचा पैसा नव्हे, विश्रांतीचा पैसा. बधिर तळव्यावरील जखमेचा मुख्य उपचार म्हणजे त्या जागेवरचा भार काढणे. तळव्याला सर्व बाजूंनी नीट बसणारा प्लॅस्टरचा साचा घातला तर अशा बहुतेक जखमा सहा ते आठ आठवड्यांत भरून येतात. साचा नसेल तर रुग्णाने पाय टेकवू नये, असे सांगितले जाते. आता हे सांगणे कोणाला परवडते? शाळेतील शिक्षक किंवा तहसील कचेरीतील लिपिक वैद्यकीय रजा घेतो. त्याचा पगार चालू राहतो, खर्चाची प्रतिपूर्तीही मागता येते. मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातील शेतमजुराची जखम ऑक्टोबरात झाली असेल, तर तो हंगाम सोयाबीनच्या सोंगणीचा असतो आणि ते काम एकरी उक्ते घेतलेले असते. टोळीतील एक हात कमी झाला तर बाकीच्यांचाही हिशेब बिघडतो. सहा आठवडे घरी बसणे म्हणजे वर्षाच्या रोख कमाईचा मोठा वाटा सोडून देणे. तो माणूस जखमेला फडके गुंडाळून शेतात जातो आणि त्याला कोणी अडाणी म्हणू नये. त्याच्या समोर जे दोन तोटे आहेत त्यांतील एक आजच निश्चित आहे. दुसरा पुढचा नि अनिश्चित. कोणताही शहाणा माणूस त्या जागी असाच निर्णय घेण्याची शक्यता अधिक.

निर्णय तर्कशुद्ध असला तरी त्याची किंमत भयंकर आहे. पाच देशांतील खर्चाची तुलना करणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतागुंत झालेल्या पायाच्या जखमेवरील संपूर्ण उपचाराचा रुग्णावर पडणारा भार भारतात सरासरी माणसाच्या पाच वर्षांहून अधिक उत्पन्नाइतका होतो, असे त्यात दिसून आले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले आहेत, हे खरे. मलमपट्टी फुकट मिळेल. एक दिवसाआड तालुक्याला जाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि सुमारे ऐंशी किलोमीटरवरच्या अकोल्यातील मुक्काम मात्र फुकट नसतो.

शासनाने या प्रश्नावर पैसा खर्चच केला नाही, असे कोणी म्हणेल तर तेही चूक ठरेल. पाय कापावा लागला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांच्या उपचारयादीत त्या शस्त्रक्रियेला स्थान आहे. राज्यातील सर्व कुटुंबांना आता वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पाय गेल्यावर कृत्रिम पाय देण्याची केंद्राची योजना आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे अर्ज करता येतो. पाय गमावण्याच्या प्रत्येक पायरीला अंदाजपत्रकात शीर्षक आहे. जी चप्पल हा सारा खर्च टाळू शकली असती, तिला मात्र ते नाही. विमायोजना रुग्ण खाटेवर दाखल झाल्यावर जागी होते. चप्पल खाटेवर दाखल होत नाही.

आणि तरीही अशी चप्पल सरकार देऊच शकत नाही, असे नाही. ती दिली जाते, फक्त दुसऱ्या रोगाला. कुष्ठरोगामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांना राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआर चप्पल विनामूल्य मिळते. तिची घडण मुद्दाम निराळी असते. आतला थर मऊ, बाहेरचा तळ काटा आत न येण्याइतका कठीण, टाचेमागे पट्टा, आणि कोठेही चूक ठोकलेली नसते. नेहमीच्या चपलेतील चूक वर आली तर बधिर पायाला ती कळत नाही, म्हणून ही काळजी. कुष्ठरोगाने बधिर झालेला पाय आणि मधुमेहाने बधिर झालेला पाय यांची कारणे वेगळी असली, तरी धसकट दोघांनाही सारखेच टोचते. एका पायाला चप्पल शासनाची, दुसऱ्याला नाही. मधुमेहाच्या कार्यक्रमात अशा पादत्राणांचा पुरवठा हा नियमित भाग नाही.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही; वैद्यकशास्त्राचा इतिहासच तिकडे बोट दाखवितो. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांचे पाय रोगाने आपोआप सडतात, ही तोवरची समजूत होती. वेदना हरवल्यामुळे न कळत होणाऱ्या इजांनी ते झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. प्लॅस्टरचा साचा आणि मऊ तळाची चप्पल यांचा वापर तेथील कामातून रूढ झाला. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तीच पद्धत तिकडच्या मधुमेहींच्या पायांना लागू झाली. जगभरातील मधुमेहतज्ज्ञ ज्या उपचाराला आज प्रमाण मानतात, त्याची मुळे अशा रीतीने भारतातील कुष्ठरोग सेवेत आहेत. विदर्भाला तर ही सेवा परकी नाही. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभारले, शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ पासून अमरावतीत आहे, आणि वरोड्याचे आनंदवन साऱ्या जगाला ठाऊक आहे. बधिर हातापायांची निगा कशी राखावी, हे ज्ञान वऱ्हाड-नागपूरच्या मातीत दोन-तीन पिढ्या मुरलेले आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे मानण्यात आले. त्याआधीपासूनच ही स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होऊ लागली होती. मज्जातंतू बोटांनी चाचपून पाहणारे, पायाचे माप काढणारे जुने कुष्ठरोग तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत. त्यांचे कसब मधुमेहाच्या कार्यक्रमाकडे हस्तांतरित व्हावे, अशी तजवीज कोणी केली नाही. दोन कार्यक्रम, दोन शीर्षके, दोन नोंदवह्या, पाय तोच.

मधुमेहींच्या पायासाठी विदर्भात काही झालेच नाही, असेही नव्हे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचा ज्यात पुढाकार होता, तो ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रम २००४ मध्ये भारत आणि टांझानिया येथे एकाच सुमारास सुरू झाला. एक डॉक्टर व एक परिचारिका अशा जोड्यांना प्रशिक्षण द्यावयाचे आणि त्यांनी आपल्या गावी जाऊन पायांची तपासणी, घट्टे काढणे व रुग्णाला शिकविणे ही कामे करावयाची, अशी त्याची साधी रचना होती. त्यात परिचारिकेला डॉक्टरइतकेच स्थान होते, ही त्यातील घेण्यासारखी गोष्ट. असे उपक्रम देणगीवर चालतात. निधीची मुदत संपली की शिकलेली माणसे उरतात, पण त्यांच्या कामाला पद उरत नाही. शासकीय महाविद्यालयाकडून अपेक्षा असते ती यासाठीच.

महाविद्यालयाने व जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने मनावर घेतले, तर आरंभ फार खर्चाचा नाही. रुग्णाने डोळे मिटावेत आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला व करंगळीला तपासणाऱ्याने अलगद स्पर्श करावा. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजावे. इंग्लंडमधील इप्सविच येथे ही पद्धत पारखली गेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. उपकरण लागत नाही, वीज लागत नाही; आशा कार्यकर्तीला ती एका दुपारी शिकविता येईल. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना गावभेटीत दुसरे काही जमले नाही तरी एवढे जमेलच.

चपलांचा खर्च मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जिल्ह्यातील मधुमेहींपैकी चौथ्या हिश्शाचे पाय बधिर झाले आहेत असे धरले, तर बारा ते सोळा हजार माणसांना चप्पल लागेल. एका जोडाला पाचशे रुपये आणि वर्षाला दोन जोड धरले, तर दीड कोटीच्या घरातील रक्कम होते. जिल्ह्याच्या मानाने ती क्षुल्लक नाही, आणि नुसत्या भावनेच्या बळावर ती मागू नये. परंतु साधने अपुरी असली की अग्रक्रम लावावा लागतो आणि येथे तो लावता येतो. एकदा जखम होऊन बरी झालेल्या पायाला वर्षभरात पुन्हा जखम होण्याचे प्रमाण शंभरांत चाळीस इतके आहे. म्हणजे सर्वांत मोठा धोका कोणाला, हे आधीच ठाऊक आहे. अशी तीन हजार माणसे जिल्ह्यात असली, तर त्यांना चप्पल देण्याचा खर्च वर्षाला तीस लाख रुपये होईल. इतके पाय वाचले तर शस्त्रक्रियांचा खर्च किती वाचेल, याचा ताळेबंद विमायोजनेकडील दाव्यांवरूनच काढता येईल. ते दावे शासनाकडे आहेत.

चप्पल फुकट दिली तरी लोक घालतील काय, ही शंका घेणाऱ्यांना निराशावादी म्हणून झटकून टाकू नये. पट्ट्याची काळी एमसीआर चप्पल म्हणजे कुष्ठरोग्याची चप्पल, अशी ओळख गावोगाव पक्की झालेली आहे. लग्नसमारंभात ती पायात घालून जाण्यास कोणी राजी होणार नाही. मग तिचे रूप बदलले पाहिजे. रंग निराळा, पट्टा निराळा, तळ तोच. हे काम गावच्या चर्मकारांकडून करून घेता येईल. माप, चिकटविण्याची रीत आणि चूक न वापरण्याचे पथ्य त्यांना शिकवावे लागेल, आणि रबराचा पुरवठा जिल्हास्तरावरून व्हावा लागेल. रिसोड, कारंजा, मंगरुळपीर अशा बाजाराच्या गावी एकेक कारागीर तयार झाला तरी आरंभाला पुरे. प्लॅस्टरच्या साच्याचे तसे नाही. तो चुकीचा बसला तर नवी जखम करतो, आणि ज्या पायाचा रक्तपुरवठाच आटला आहे त्याला तो घालूच नये. ते काम प्रशिक्षित हातांचे आहे आणि महाविद्यालयाच्या शल्यविभागानेच आठवड्याचा एक दिवस त्यासाठी राखून ठेवावा.

साखर ताब्यात ठेवली की हे सारे टळेल, असा एक आक्षेप वैद्यकवर्गाकडूनच येतो. पुढील पिढीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. ज्यांचे मज्जातंतू आधीच गेले आहेत, त्यांना उद्या साखर आटोक्यात आल्याने तळव्याची जाण परत मिळत नाही.

आशा कार्यकर्ती घरोघरी जो तपासणी-अर्ज भरते, त्यात तळव्यावर वारंवार जखम होते काय आणि तळव्याला मुंग्या येतात काय, हे दोन प्रश्न आजही आहेत. ते कुष्ठरोगाचा संशय शोधण्यासाठी घातलेले आहेत. उत्तर होकारार्थी आले की त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते. तेथे कुष्ठरोग नाही असा निर्वाळा मिळाल्यावर, त्याच माणसाच्या दुसऱ्या रकान्यात मधुमेहाची नोंद असेल तर त्याने पुढे कोणत्या दाराशी जावयाचे, हे जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने एका परिपत्रकानेही ठरवून देता येईल.